आधी वही, मग बॅनर

प्रिय,

अनेक आशीर्वाद. सिकलसेल (लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार) असलेल्यांच्या गटाचा तुझा बेत वाचला. उद्घाटन, बॅनर, तज्ज्ञांचं भाषण. हे सगळं सध्या बाजूला ठेव. गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीकडच्या गावांत गट मोडतो तो भाषण झालं नाही म्हणून नव्हे. कुणाच्या हायड्रॉक्सीयुरियाच्या कॅप्सूल संपल्या हे वेळेत कळत नाही, म्हणून मोडतो. तेव्हा आधी एक दोनशे पानी वही घे.

माणसागणिक एक पान. वजन, रक्तगट, पूर्वी किती वेळा रक्त चढवलं, कॅप्सूल कधी आणि किती मिळाल्या, कोणत्या तारखेला संपतील. ही शेवटची तारीख लाल शाईने लिही. हायड्रॉक्सीयुरिया रोज घ्यायचं औषध आहे, दुखलं की घ्यायचं नव्हे. गुण यायला काही महिने लागतात. त्याआधीच ‘काही फरक नाही’ म्हणून लोक सोडतात, आणि काहीजण बरं वाटू लागल्यावर सोडतात.

वजन कशासाठी, ते सांगतो. 500 मिलिग्रॅमची एक कॅप्सूल 25 किलोच्या मुलाला किलोमागे 20 मिलिग्रॅम पडते. तेच मूल 40 किलोचं झालं की साडेबारा. मूल वाढतं, कागदावरचा डोस तिथेच राहतो. डोस डॉक्टरांनीच ठरवायचा. गटाने दर तीन महिन्यांनी वजन करायचं आणि सीबीसीची (रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीची) तारीख चुकू द्यायची नाही, कारण या औषधाने पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स उतरू शकतात. दिवस गेले असतील किंवा मूल हवं असेल, तर डॉक्टरांना आधी सांगायचं.

वहीत पॅटर्न, म्हणजे रक्तात एएस (फक्त वाहक) निघालं की एसएस (आजार असलेला), हे लिहिताना जपून. सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे रक्ताची पहिली झटपट चाचणी, पॉझिटिव्ह आली म्हणजे माणूस आजारी, असं नाही. ती एएस आणि एसएस वेगळे करून दाखवत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली तपासणी लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली तरी तिच्यावर विसंबू नकोस. आणि पॅटर्न बैठकीत मोठ्याने वाचायचा नाही. एएस मुलीचं लग्न मोडायला एवढंच पुरतं. दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता 25 टक्के, हे जोडप्याला घरी बसून, माडिया बोलणाऱ्या बाईकडून सांगावं.

बैठक आठवडी बाजाराच्या दिवशी, बाजाराच्याच गावात, दीड तास. आठ ते बारा माणसं पुरेत. त्याहून जास्त झाली की दुखणं बोलायचं राहून जातं आणि हजेरीच होते.

पावसाळ्याचं गणित मे महिन्यातच कर. नऊ जण, रोज एक कॅप्सूल, दहा आठवडे म्हणजे 630. पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद, मग औषध आणायला कुणी जाऊ शकत नाही. साठ्याची मागणी प्राथमिक आरोग्य केंद्राकडे लेखी दे आणि पोच घे. फोलिक ॲसिडही त्याच यादीत. लोहाची गोळी मात्र सरसकट नको. वारंवार रक्त चढवलेल्या माणसाच्या अंगात लोह आधीच साठलेलं असू शकतं.

दुखण्याचा झटका बहुधा कामाच्या मागोमाग येतो. तेंदूपत्त्याच्या दिवसांत उन्हात पाणी कमी पडतं, भाताच्या रोवणीत दिवसभर गार चिखलात उभं राहावं लागतं. गटाने इथे कामाची अदलाबदल करावी: एसएस असलेल्याने रोप बांधायचं, दुसऱ्याने रोवायचं. मोठ्या माणसाला दिवसाला तीन लिटर पाणी, दोन लिटरची बाटली सोबत. दुखलं तर शेक, पाणी, पॅरासिटामॉल. बर्फ नको. गावात फिरणाऱ्याकडून दुखण्याचं इंजेक्शन तर मुळीच नको, त्यातली काही औषधं मूत्रपिंडाला जड जातात.

पण पुढचं काही दिसलं तर शेकत बसायचं नाही, गाडी काढायची: ताप 101 फॅरनहाइटच्या वर, छातीत दुखणं किंवा दम, तोंड वा हातपाय एका बाजूने लुळे पडणं, एकाएकी पांढरं पडणं, पुरुषांत लिंगाचा ताठरपणा चार तासांत न उतरणं. शेवटची गोष्ट लाजेने कुणी बोलत नाही, म्हणून पुरुषांची वेगळी बैठक घे. लहान मुलांच्या आयांना डाव्या बरगडीखाली पांथरी (प्लीहा) चाचपायला नर्सकडून शिकव. ती अचानक वाढली तर काही तासांत जीव जाऊ शकतो. थर्मामीटर गावागणिक एक, 108 लागत नसेल तर कुणाची गाडी, हेही वहीत. ‘सिकलसेल असला की मलेरिया होत नाही’ हा समज खोडून काढ. थोडं संरक्षण एएसला असतं. एसएसला मलेरिया झाला तर तो जिवावर बेततो, म्हणून मच्छरदाणी आधी त्याला.

गावात उपचार करणाऱ्या पुजाऱ्याशी भांडू नकोस. ही लक्षणं त्यालाही शिकव. रात्री पहिला निरोप त्याच्याकडेच जातो.

सवलतींचं काम एका पोराकडे दे: एसटीचा पास, दहावी-बारावीला जादा वेळ, 2016 च्या कायद्याखालचं अपंगत्व प्रमाणपत्र. प्रमाणपत्राला फेऱ्या पडतात, म्हणून तिघा-चौघांना एकाच दिवशी ने.

पहिल्या बाजाराला वही, वजनकाटा आणि थर्मामीटर एवढंच ने. लाल शाईतल्या तारखा तेवढ्या आम्हाला कळव, नावं नकोत.

तुझे,
जुने सोबती