डोस पाठ आहे, पण अँप्यूल किती लागतील?

प्रश्न : मॅडम, मी एका रुग्णालयाच्या फार्मसीची प्रमुख आहे. इमर्जन्सी औषधांबद्दल आमच्या फार्मासिस्टना शिकवायचं काम माझ्याकडे आलं आहे. स्लाइड दाखवून व्याख्यानं झाली, लेखी परीक्षेत सगळे छान पास झाले. पण परवा न सांगता सराव घेतला, तर सगळ्यांची तारांबळ उडाली. कुठे कमी पडतंय?

उत्तर : परीक्षेत तुम्ही बहुतेक डोस विचारला असणार. डोस तर डॉक्टर सांगणारच आहेत. फार्मासिस्टला विचारायचं ते वेगळं. या औषधाच्या किती अँप्यूल, म्हणजे इंजेक्शनच्या काचेच्या बंद कुप्या, लागतील? तेवढ्या आत्ता कपाटात आहेत का? संपल्या तर पुढच्या कुठून येणार, किती वेळात? नव्या मुलामुलींना शिकवताना मी सुरुवातीलाच एक केस फळ्यावर मांडते आणि बराच वेळ तिथेच थांबते.

ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशक पोटात गेलेला मोठा माणूस कॅज्युअल्टीत येतो. छातीत घरघर, तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. डॉक्टर या विषावरच्या उताऱ्याने, २ मिलिग्रॅम अॅट्रोपिनने, सुरुवात करतात आणि फुफ्फुसं मोकळी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करत जातात. २, ४, ८, १६. चौथ्या डोसपर्यंत पंधरा मिनिटं झाली आणि ३० मिलिग्रॅम गेलं. तुमच्याकडे ०.६ मिलिग्रॅमची अँप्यूल असेल, तर करा भागाकार. ५० अँप्यूल! इथे वर्ग गप्प होतो. पुढे इन्फ्युजन, म्हणजे शिरेतून सतत सोडलेलं औषध, लावलं, तर आधी गेलेल्या एकूण डोसच्या १० ते २० टक्के दर तासाला, म्हणजे ३ ते ६ मिलिग्रॅम. ताशी ५ ते १० अँप्यूल, दिवसाला १२० ते २४०. हे एका रुग्णाचं झालं. एकाच घरातले तिघं एकदम आले तर? इमर्जन्सी ट्रॉलीच्या खणातल्या दहा अँप्यूल पाहून ‘स्टॉक आहे’ अशी टिक मारणाऱ्याला हा हिशोब एकदा स्वतः करू द्या.

मग हिशोब हातात द्या. ट्रेमध्ये ५० अँप्यूल ठेवा आणि एकट्याला फोडून सिरिंजमध्ये भरायला सांगा. दहा-बाराव्या अँप्यूलला अंगठा दुखायला लागतो, कुणाला काच लागते, कुणी काचेचे कण गाळणारी फिल्टर नीडल विसरतो, आणि किती भरल्या ही मोजणी तर हमखास चुकते. त्यानंतर एकाने फोडायच्या, दुसऱ्याने भरायच्या, तिसऱ्याने मोजून लिहायचं, हे तुम्हाला सांगावं लागत नाही, त्यांचं तेच ठरवतात.

दुसरी जागा अॅड्रेनलिनची. १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम असलेली तीच अँप्यूल दोन कामांना जाते. अॅनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे जीवघेण्या अॅलर्जीत, मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. हृदय बंद पडलं असेल तर १ मिलिग्रॅम शिरेतून, दर ३ ते ५ मिनिटांनी. पहिल्या रुग्णाला चुकून दुसऱ्याचा डोस शिरेतून गेला, तर जीवावर बेतू शकतं. म्हणून भरलेल्या प्रत्येक सिरिंजला लेबल हवंच, आणि लेबलवर ‘१:१०००’ असलं काही नको, सरळ मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम ते लिहायचं. गडबडीत गुणोत्तरं सोडवायला कुणाला वेळ असतो?

फ्रिजचं थोडक्यात. भूल देताना स्नायू सैल करणारं सक्सामेथोनियम फ्रिजमध्ये लागतं, हृदयाच्या जलद ठोक्यांवरचं अॅडेनोसिन तिथे ठेवलं तर त्याचे स्फटिक होतात. सोयीचं म्हणून अख्खा ट्रे आत सरकवणारे लोक प्रत्येक रुग्णालयात असतात.

तुमच्याकडे भूल दिली जात असेल, तर डँट्रोलिनचा तास वेगळा घ्या. भुलेच्या काही औषधांनी क्वचित कुणाला जीवघेणा ताप चढतो, त्यावरचं हे औषध. २० मिलिग्रॅमच्या व्हायलमध्ये ६० मिलिलिटर स्टराइल वॉटर घालायचं, सलाईन चालत नाही. ७० किलोच्या माणसाला किलोमागे २.५ मिलिग्रॅमने पहिलाच डोस १७५ मिलिग्रॅम होतो. नऊ व्हायल, आणि अर्धा लिटरहून जास्त पाणी. व्हायल जपून ठेवलेल्या असतात, पाणी मात्र दुसऱ्याच मजल्यावर! सरावात नेमकं हेच उघडं पडायला हवं.

सराव रात्रपाळीत किंवा पाळी बदलताना घ्या. दिवसा तुम्ही स्वतः हजर असता, सगळे तुमच्याकडेच बघतात. घड्याळ लावा, पण कुणाला किती वेळ लागला हे चारचौघांत वाचून दाखवू नका, नाहीतर पुढच्या वेळी अर्धे लोक रजेवर. आणि ट्रॉली पुन्हा भरून, एक्स्पायरी बघून, नवं सील लावून त्याचा नंबर नोंदवल्याशिवाय सराव संपला म्हणू नका.

प्रश्न : सरावासाठी एक्स्पायरी झालेल्या अँप्यूल वापरल्या तर चालतील का? आमच्याकडे यावरून वाद झाला.

उत्तर : रुग्णालयाच्या नियमात बसत असेल आणि लेखी परवानगी असेल तर चालतील, पण वॉर्डात नाही, फक्त वर्गात. प्रत्येक अँप्यूलवर ‘फक्त सरावासाठी’ अशी रंगीत पट्टी, वेगळा कुलूपबंद डबा, जाताना-येताना मोजणी. मादक द्रव्यांच्या यादीतल्या औषधांना मात्र हात लावू नका, त्यांच्या विल्हेवाटीची रीत कायद्याने ठरलेली असते. वॉर्डातल्या सरावाला पाणी भरलेल्या व्हायल घ्या, आणि त्यांच्यावरही तीच पट्टी लावा. एक जरी परत आली नाही, तरी ती सापडेपर्यंत त्या वॉर्डाची ट्रॉली बदलून द्या.