पाच महिन्यांच्या बाळाला काय कळतंय?

प्रश्न : माझी मुलगी पाच महिन्यांची आहे. मी तिला रोज चित्रांचं पुस्तक वाचून दाखवते. ती कधी पान तोंडात घालते, कधी मधेच झोपून जाते. सासूबाई म्हणतात, "तिला काय कळतंय? उगाच घसा कोरडा करतेस." मोबाइलवर गोष्टी लावल्या तर चालणार नाही का?

उत्तर : वाचत राहा. गोष्ट तिला कळत नाही हे सासूबाईंचं म्हणणं खरंच आहे, पण ती आत्ता गोष्ट ऐकतच नाहीये. ती तुमच्या बोलण्याची लय आणि चढउतार ऐकतेय, आणि हे तिनं पोटात असतानाच सुरू केलंय. १९८६ साली डीकॅस्पर आणि स्पेन्स या अमेरिकी संशोधकांनी काही गरोदर बायकांना शेवटचे सहा आठवडे एकच गोष्ट रोज मोठ्यानं वाचायला सांगितली. जन्मल्यावर त्या बाळांच्या तोंडात चोखणी दिली. चोखण्याचा वेग बदलला की ती गोष्ट ऐकू येईल, अशी सोय केली होती. अवघ्या काही दिवसांची ती बाळं ओळखीची गोष्ट ऐकण्यासाठी वेग बदलत होती, वाचणारी बाई दुसरीच असली तरीही!

मोबाइलचं म्हणाल तर, पॅट्रिशिया कूल या अमेरिकी संशोधिकेनं २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी भाषा ऐकवली. समोर बसून खेळत, वाचत बोललेल्या माणसाकडून बाळांनी त्या भाषेतले ध्वनी उचलले. तेच पडद्यावर दाखवलं तेव्हा काहीच उचललं नाही. बाळाला समोर माणूस लागतो.

मी वाचा-उपचार करते, त्यामुळे उशिरा बोलणारी मुलं रोज बघते. पण याची खरी खूण मला घरीच पटली. माझा मुलगा नऊ महिन्यांचा असताना मांजराचं पान यायच्या आधीच हातपाय हलवायचं थांबवायचा. एकदा मी मुद्दाम गप्प राहिले, तर त्यानं बोटांनी माझा खालचा ओठ ओढला. बोल ना, म्हणून! शब्द एकही येत नव्हता, पण आपली पाळी आणि आईची पाळी हे त्याला पक्कं ठाऊक होतं. संभाषणाचा पाया तोच.

म्हणून पान उलटण्याआधी जरा थांबा. तिनं हुंकार दिला तर त्याला उत्तर द्या. आणखी एक : एरवी आपण बाळाशी ये, घे, झोप, दूध एवढंच बोलतो. डबकं, शेपूट, गडगडाट हे शब्द पुस्तकामुळेच तिच्या कानावर पडतात.

पान चावते तर चावू दे, या वयात तोंड हेच तिचं बोट. जाड पुठ्ठ्याचं किंवा कापडी पुस्तक घ्या. झोपली तर झोपू दे. मात्र मान फिरवली, कुरकुर केली, की दोन पानं झाली असली तरी पुस्तक मिटा. आणि एखाद्या संध्याकाळी बाळ आणि पुस्तक दोन्ही सासूबाईंच्या मांडीवर द्या. त्यांचा आवाज तिला वेगळा, हवाहवासा वाटेल.