मे महिन्यात सासू-सासरे आणि लहान मुलांना घेऊन पुण्याहून भुलेश्वरला एका दिवसात कसं जावं? जेजुरीही त्याच दिवशी होईल का?

भुलेश्वर आरामात होतं. जेजुरी त्याच दिवशी करू नका. सासू-सासरे सत्तरीचे आणि मुलं चार व नऊ वर्षांची, असं तुम्ही लिहिलंय. अशा मंडळींसाठी मेमधली सहल पहाटे निघून दुपारच्या जेवणाला घरी, एवढीच आखावी. साडेनऊ-दहाच्या आत सगळे देवळाच्या पायऱ्या उतरून गाडीत असले पाहिजेत. बाकीची तयारी याच वेळेच्या हिशोबाने करायची.

खरा त्रास हवेपेक्षा दगडाचा होतो. भुलेश्वर म्हणजे डोंगरावरचं महादेवाचं देऊळ, आणि ते काळ्या बेसॉल्टचं आहे. हा दगड ऊन खातो आणि उशिरापर्यंत धरून ठेवतो, म्हणून दुपारी दोन ते चारमध्ये फरशी सर्वात तापलेली असते आणि पाचलाही ती निवलेली नसते. त्यात मेच्या मध्यावर पुण्याच्या परिसरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस १३ मेच्या आसपास असतो. साडेबाराला उंच भिंतीच्या कडेलाही पाऊल ठेवण्यापुरती सावली मिळत नाही. "दुपारी पोचू, सावलीत बसू" हा बेत इथेच फसतो. सकाळी मात्र तोच दगड रात्रभर निवलेला असतो आणि जाड भिंतींमुळे गाभाऱ्याजवळ छान गारवा असतो.

रस्ता सोपा आहे. हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचन करत सोलापूर महामार्गाने यवतपर्यंत आणि तिथून उजवीकडे माळशिरसच्या दिशेने. हे माळशिरस पुरंदर तालुक्यातलं आहे. नकाशात नुसतं 'माळशिरस' टाकलंत तर फोन सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरसला नेऊ शकतो, म्हणून 'भुलेश्वर मंदिर' असंच शोधा. अंतर साधारण ५०-५५ किलोमीटर. साडेपाचला निघालात तर सातच्या सुमारास वर. जाताना ऊन समोरच्या काचेवर येतं, त्यामुळे काच आतूनही पुसून घ्या. धुरकट काचेवर तिरपं ऊन पडलं की पुढचं काही दिसत नाही. संध्याकाळी परतलात तर पुन्हा मावळतीचा सूर्य थेट डोळ्यांत येतो. दुपारी घरी पोचण्याचा हा आणखी एक फायदा.

महामार्ग सोडण्याआधी स्वच्छतागृह, चहा, पेट्रोल सगळं उरकून घ्या. वर देवळापाशी तुम्हाला हवी तशी सोय मिळेल असं धरून चालू नका. नारळ, फुलं, पेढे घेणार असाल तर तेही खालीच. पिंडीखाली ठेवलेल्या पेढ्यांतला एखादा देव खातो अशी इथली श्रद्धा आहे आणि मुलांना त्याचं फार कौतुक वाटतं. फक्त ओल्या खव्याचे पेढे आदल्या दिवशी आणून गाडीत ठेवू नका, आंबतात. दक्षिणेसाठी दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा ठेवा, डोंगरावर फोनची रेंज बेभरवशाची असते.

वार बघून निघा. सोमवारी महादेवाला गर्दी असते, तो टाळा. चैत्र-वैशाखात गावोगाव जत्रा असतात, रस्त्यावर मिरवणूक लागली की तासभर जातो. अभिषेक करायचा असेल तर आधी पुजाऱ्यांशी बोलून ठेवा. आयत्या वेळी ठरवलंत तर त्यातच नऊ वाजतील.

आता देवळाबद्दल. बाहेरून हे देऊळ वाटतच नाही, गढी वाटते. मूळ बांधणी यादवकाळातली, १३व्या शतकातली. पुढे १७व्या शतकात आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने इथे दौलतमंगळ किल्ला बांधला, आणि वरचे चुनेगच्ची घुमट-मनोरे नंतरचे. गाडी बरीच वरपर्यंत जाते, तिथून पायऱ्या. दारातून आत शिरलं की समोर भिंत येते आणि बाजूने अरुंद, अंधाऱ्या पायऱ्या वर नंदीकडे चढतात. सत्तरीच्या माणसाची कसोटी इथे लागते. पायऱ्या उंच आहेत, आणि बाहेरच्या लख्ख उजेडातून आलेल्या डोळ्यांना एकदम काहीच दिसत नाही. दाराशी मिनिटभर थांबा, डोळे सरावू द्या. मग एक जण टॉर्च घेऊन पुढे आणि एक जण आजी-आजोबांच्या मागे, खालच्या पायरीवर. चढताना माणूस तोल जाऊन बहुधा मागे कलंडतो, त्यामुळे आधार मागून हवा. गाभाऱ्यात पाणी, दूध, तेल सांडून फरशी बुळबुळीत झालेली असते, तिथे मुलांना मोकळं सोडू नका.

पायांसाठी जाड सुती मोजे घ्या. बहुतेक देवळांत आवारात मोजे चालतात, तरी आधी विचारून घ्या. पण पायऱ्यांवर आणि गाभाऱ्यात मोजे काढाच, गुळगुळीत दगडावर ते सटकतात. आणखी एक बारीक गोष्ट: चपला उन्हात सोडल्या तर तासाभराने त्याही चटका देतात, रबरी तर विशेष. कापडी पिशवीत भरून सावलीच्या कोपऱ्यात ठेवा.

दर्शन झालं की घाईने निघू नका, इथलं कोरीवकाम बघण्यासारखं आहे. भिंतींवर रामायण-महाभारतातले प्रसंग आहेत, बऱ्याच मूर्ती फोडलेल्या आहेत. साडी नेसलेल्या देवीसारखी, पण सोंड असलेली स्त्रीरूपातली गणेशमूर्ती मुलांना शोधायला सांगा. ती उंचावर आहे, मान वर करावी लागते. टॉर्चचा झोत सरळ मारण्यापेक्षा बाजूने तिरपा धरा, कोरीवकाम उठून दिसतं. पाऊण तास पुरतो. प्रदक्षिणा महादेवाची, म्हणून अर्धी: गोमुखापर्यंत जायचं आणि ते न ओलांडता परत फिरायचं.

जुन्या दगडी देवळांत शिखराखाली, कमानीत आग्या मोहोळ असू शकतं. आत शिरण्याआधी वर नजर टाका. मोहोळ दिसलं तर त्याखाली धूप-कापूर पेटवू नका, आणि उग्र अत्तर तर घरूनच लावून येऊ नका. माश्या उठल्याच तर हात झटकू नका, तोंडावर ओढणी किंवा उपरणं घेऊन बंद खोलीत नाहीतर गाडीत जा. काटा चिमटीत धरून उपटला तर विष आत दाबलं जातं असं म्हणतात, पण तो लवकर निघणं जास्त महत्त्वाचं. नखाने खरवडून लगेच काढा. बरेच डंख असतील, ओठ सुजले किंवा श्वास लागला तर थेट दवाखाना.

पाण्याचा अंदाज लोक हमखास चुकवतात. सहा जणांना २० लिटरचा जार घ्या, पिऊन हात धुवायलाही उरेल. शिवाय बाटल्या रात्री अर्ध्याच भरून गोठवा आणि सकाळी वरून पाणी ओता. पूर्ण भरून गोठवलेली बाटली फुगते आणि नेमकी तहान लागते तेव्हा तिच्यात प्यायला पाणी नसतं. तहान लागायची वाट न बघता मुलांना आणि आजी-आजोबांना दर वीस-पंचवीस मिनिटांनी चार-पाच घोट द्या. वयस्कर माणसांना तहान कमी जाणवते, आणि वाटेत लघवीला कुठे जायचं म्हणून ती मुद्दाम पाणी पीत नाहीत. सासूबाईंना हे आधीच मोकळेपणाने विचारा आणि थांबे सांगून ठेवा. रक्तदाबाची किंवा जास्त लघवी होणारी गोळी चालू असेल तर त्या दिवशी कधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारा. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, ती पेल्यात कालवली की द्रावण फार खारट होतं आणि फायद्याऐवजी तोटा. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि तसाच अर्धा चमचा मीठ. मधुमेह असेल तर इन्सुलिन ओल्या कापडात गुंडाळून सोबत न्या, गाडीत ठेवू नका.

खायला दुधात भिजवलेल्या दशम्या, कोरडी शेंगदाण्याची चटणी, गुळांबा, काकड्या. ओल्या नारळाची चटणी आणि बटाट्याची ओलसर भाजी सर्वात आधी खराब होते. दहीभात न्यायचा तर एक वाटी तांदळाचा मऊ भात पूर्ण निववून त्यात दोन वाट्या गार दूध आणि फक्त दोन चमचे दही घाला. प्रवासात विरजण लागतं आणि दहा-अकरापर्यंत भात छान होतो. घरूनच सगळं दही घातलंत तर तोवर आंबट ढाण. मीठ खाताना घाला.

गाडी उन्हात राहणारच, म्हणून समोरच्या काचेला आडोसा आणि आसनांवर जुनी चादर टाका. परतल्यावर आधी चारही दारं उघडून दोन मिनिटं थांबा, सीटच्या पट्ट्याचं लोखंडी टोक हाताने चाचपा आणि मगच मुलांना बसवा, मांडीला चटका बसतो तो तिथेच. लायटर, पॉवर बँक, अत्तराच्या फवाऱ्याची बाटली गाडीत ठेवू नका. आणि "आजोबा बसतील गाडीत, आम्ही पटकन येतो" हे पाच मिनिटांसाठीही नको.

कोणी गरगरतंय म्हणालं तर सावलीत आडवं करून पाय वर घ्या. पण अंग तापलंय आणि बोलणं असंबद्ध होतंय, तर तो उष्माघात. तोंडात पाणी ओतू नका. अंगावर पाणी शिंपडून वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

जेजुरीबद्दल: गडाला दोनशेच्या वर पायऱ्या आहेत आणि तिथे तुम्ही अकराच्या सुमारास पोचाल, म्हणजे नेमक्या तापलेल्या दगडावर. ती थंडीत वेगळी करा, सोमवती अमावास्या सोडून. दुसरं देवदर्शन हवंच असेल तर परतीच्या वाटेवर लोणीजवळून थेऊरला वळा. चिंतामणीचं देऊळ सपाटीवर आहे आणि सभामंडप लाकडी, त्यामुळे साडेदहा-अकरालाही आजी-आजोबांना तिथे निवांत बसता येतं.