पेडल नसलेली पहिली सायकल घेताना

ताई, लेक दोन वर्षांची होतेय म्हणून खोक्यावरचं वय बघून सायकल उचलू नका, आधी तिच्या पायाचं माप घ्या. बूट घालून भिंतीला टेकवून उभी करा, दोन पायांमध्ये पातळ पुस्तक अलगद वर सरकवा आणि तिथपासून जमिनीपर्यंत मोजा. सीट त्याहून दोन-तीन सेंटीमीटर खाली यायलाच हवी. तळवे पूर्ण टेकले की पोरं बिनधास्त पळतात.

मग वजन. दहा-अकरा किलोच्या मुलीला तीन किलोची सायकल पुरे. मी हौसेने पाच किलोची लोखंडी आणली होती. वळवताना ती लेकाच्या अंगावर यायची, महिनाभर त्याने तिला हात लावला नाही. फार वाईट वाटलं होतं.

फोमच्या टायरला पंक्चरची भीती नाही, पण पेव्हर ब्लॉकवर हादरे बसतात. तिथे हवेचेच बरे. आयएसआय चिन्ह बघा, १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना ते बंधनकारक आहे. बाजूच्या दोन चाकांनी तोल येत नाही, ती नकोतच. हेल्मेट पहिल्या दिवसापासून घाला, आणि पार्किंगच्या उताराकडे अजिबात नेऊ नका: या सायकलींना बहुधा ब्रेक नसतो.