तिकीट सोडवू का?

प्रश्न: आजोबांच्या ट्रंकेत १८९०च्या आसपासची पाकिटं सापडलीत, राणीचं अर्ध्या आण्याचं तिकीट नि वर काळा गोल शिक्का. तिकिटं पाण्यात सोडवून अल्बमला लावू का?

उत्तर: अजिबात नको हो! खरी मजा त्या शिक्क्यातच आहे. पाकीट उलटं करा, मागे बहुतेक पोचल्याचा शिक्का असेल, म्हणजे पत्र कुठून कधी निघालं नि कधी पोचलं सगळं कळतं, तिकीट सोडवलं की हे गेलंच समजा. १८५२चं सिंध डाक, म्हणजे सिंध प्रांतातली जुनी टपाल तिकिटं घ्या, त्यातलं लाल तिकीट लाखेसारखं ठिसूळ, पटकन तडकायचं, म्हणून पाकिटावर टिकलेलं किती दुर्मिळ! लॅमिनेशन, सेलोटेप नकोच. आम्लरहित कागदात सपाट ठेवा नि नोंदी वेगळ्या चिठ्ठीवर करा.