उत्तर: पाऊस लागला आणि सीटी २९ वरून ३४ गेला, व्हायरस गेला कुठे?

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला, कारण हाच ग्राफ मी पुण्यात स्वतः काढलाय. तुम्ही म्हणताय की मे-जूनमध्ये सांडपाणी प्रक्रिया प्लांटच्या इनलेटला (मैला आत येतो तिथे) कोविडचा सीटी (पीसीआर चाचणीत व्हायरस दिसायला किती फेऱ्या लागल्या तो आकडा, जितका जास्त तितका व्हायरस कमी) २९ च्या आसपास होता, पाऊस लागल्यावर थेट ३४, तिकडे ओपीडीत मात्र सर्दी-तापाच्या रांगा, आणि तुमचे सर म्हणतात उन्हाळ्यात व्हायरस गरमीने मरतो नि पावसाळ्यात पातळ होतो, एवढं लिहून मोकळं व्हा. कृपा करून लिहू नका. मी लिहिलं होतं.

पीईजी, एक्स्ट्रॅक्शन वगैरे (सॅम्पलमधून व्हायरस गोळा करून त्याचा आरएनए, म्हणजे जनुकीय द्रव्य, काढणं) तुम्हाला येतच असणार, ते सोडते. फक्त हिशोब बघा. पाणी दुप्पट झालं की सीटी १ ने वर जातो, पाचपट झालं तर साधारण २.३ ने. तुमचा ५ ने गेलाय, म्हणजे ३२ पट! उघड्या नाल्यात भर पावसात बादली टाकली असती तर मानलं असतं, पण प्लांटच्या इनलेटला एवढं पाणी येणार कुठून, पंप तेवढं ओढूच शकत नाहीत, जास्तीचं आधीच बायपास होऊन नदीत जातं. म्हणजे पातळ झालंय हे खरं पण सगळा दोष त्याचा नाही. माझा संशय गाळावर. उन्हाळाभर लाइनीत बसलेला गाळ, रस्त्यावरची माती, कुजलेला पाला असं सगळं पहिल्या दोन-चार सरींत एकदम येतं आणि त्यातलं ह्युमिक अ‍ॅसिड पीसीआरला अडवतं. आरएनए १० पट पातळ करून परत लावा. सगळं ठीक असेल तर सीटी ३.३ ने वाढेल. वाढलाच नाही किंवा उलट खाली आला तर व्हायरस जागेवरच आहे, तुमची रिअ‍ॅक्शन गुदमरलीय.

गरमीचं म्हणाल तर, प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्यात कोविडचा आरएनए ९० टक्के जायला ४ अंशाला जवळपास चार आठवडे लागतात आणि ३७ अंशाला साधारण आठ दिवस. फरक मोठा आहे, पण संडासातून इनलेटपर्यंत मैला काही तासांत येतो हो, तेवढ्यात मे महिना काय बिघडवणार? शिवाय पीसीआरला जिवंत-मेलेला कळत नाही, तो तुकडे मोजतो. नोरो (उलट्या-जुलाबाचा), हेपॅटायटिस ए आणि ई (काविळीचे) या व्हायरसना तर कोविडसारखं वरचं चरबीचं आवरणच नसतं, ते आणखी चिवट.

आणि ओपीडीतला ताप कोविडचाच कशावरून? आपल्याकडे फ्लूचा एक हंगाम पावसाळ्यातच असतो, दुसरा जानेवारी ते मार्च. रोटाव्हायरस थंडीत, कावीळ पावसाळ्यात कारण फुटक्या पाइपात घाण शिरते. ऋतू आधी माणसांना आजारी पाडतो, मग ते गटारात दिसतं. एका व्हायरसचा सीटी नि सगळ्या तापाची रांग एकाच ग्राफवर ठेवू नका.

आता माझी चूक. आम्ही ठरवलं होतं की फ्लो (रोज किती पाणी येतं तो आकडा) काय, प्लांटवर मीटर आहे, रजिस्टर आहे, नंतर मागून घेऊ. त्या भरवशावर सॅम्पलबरोबर दुसरं काहीही मोजलं नाही. मिरचीवरचा तो पीएमएमओव्ही व्हायरस लावायचा होता (माणूस मिरची खातो, तो विष्ठेत येतो, त्यावरून मैला किती आणि पाणी किती ते कळतं), पण रिएजंट महाग म्हणून तोही टाळला. जुलैत व्हायरसचे आकडे पडले, मी रिपोर्टात "घट" लिहिलं, सगळ्यांना बरं वाटलं, आणि पुढच्याच आठवड्यात पॉझिटिव्ह वाढले. मग फ्लोसाठी धावाधाव. ऑपरेटर बिचारा चांगला, रजिस्टर दाखवायला तयार, पण फोटो काढायचा नाही, वरून परवानगी आणा. वरच्या ऑफिसात पहिलं पत्र दिलं तर इनवर्ड नंबर नाही म्हणून परत, दुसरं गहाळ, तिसऱ्याला "हा विषय आमच्याकडे नाही". पाच पत्रं! शेवटी जे हातात आलं त्यात जून ते सप्टेंबर रोजचा फ्लो एकच आकडा. नदी दुथडी वाहत होती त्या दिवशीही तोच. प्लांटची डिझाइन कपॅसिटी कॉपी केलेली, कारण मीटर कधीचा बंद!! मी तिथेच कपाळावर हात मारला. तरी वाटलं की जुने पेलेट (सॅम्पलमधून गोळा करून गोठवलेला साका) काढून पीएमएमओव्ही लावू, तर फ्रीजरमध्ये जागा नाही म्हणून मीच ते आदल्या महिन्यात फेकले होते. अख्खा पावसाळा वाया.

म्हणून माझं स्पष्ट मत, कोणाला पटो न पटो, फ्लोसाठी ऑफिसवर विसंबू नका. आलं तर बोनस. सॅम्पल घेतानाच कंडक्टिव्हिटी (वीजवाहकता, पाण्यात क्षार किती ते त्यावरून कळतं) आणि तापमान मोजा, पेनासारखं मीटर मिळतं, पावसाचं पाणी शिरलं की कंडक्टिव्हिटी लगेच पडते. लॅबमध्ये अमोनिया (त्यावरूनही मैला किती ते कळतं), आणि पीएमएमओव्ही प्रत्येक सॅम्पलला. श्रावणात लोक उपास करतात तेव्हा काय असं आम्हाला एकाने विचारलं होतं, अहो साबुदाण्याच्या खिचडीत मिरची असतेच. मुंबईकरांनी मात्र कंडक्टिव्हिटीवर जाऊ नये, भरतीला खाडीचं खारं पाणी नाल्यात येतं. तिथे पोलिओसाठी २००१ पासून सांडपाणी तपासतायत, त्यातलं कोणी ओळखीचं असेल तर जरूर बोला.

पुण्याचं अजून एक, गुरुवारी बरेचदा पाणी बंद असतं त्यामुळे गुरुवार-शुक्रवारचं सॅम्पल घट्ट येतं, वार बदलू नका. पालख्या मुक्कामाला असतात ते दिवस, दिवाळीत लोक गावी जातात ते दिवस वेगळे मार्क करा, नाहीतर त्यालाही हवामान म्हणाल. पायाला जखम असेल तर पावसात नाल्यात उतरू नका, लेप्टोचे दिवस आहेत, गमबूट घालाच.

मी एपिडेमिऑलॉजिस्ट नाही, बाटल्या भरणारी आहे, तेव्हा सरांशी माझ्या जिवावर भांडू नका. पण मे-जूनचे पेलेट अजून फ्रीजरमध्ये आहेत का, आधी ते बघून सांगा.