सोन्याची तपासणी आणि मुलाचा अपुरा रिपोर्ट

मुलगी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची वाहक (रिपोर्टवर 'एएस') निघाली की आया माझ्याकडे बहुतेक एकच आशा घेऊन येतात : रिपोर्ट चुकला असेल. चंद्रपूर जिल्ह्यातल्या या आईंनी तर सोन्याच्या कणांनी होणाऱ्या रक्ततपासणीबद्दल मोबाईलवर वाचलं होतं. मुलीची सोयरीक ठरलेली. "मॅडम, पैसे लागले तर लागू द्या, पण ते सोन्याची तपासणी करा. माह्या पोरीले काहीच त्रास नाही, मग एएस आलाच कसा?"

मी शिबिरातली एक कोरी पट्टी त्यांच्या हातात दिली. मुलीच्या बोटातलं रक्त अशाच पट्टीवर घेतलं होतं, आणि तिच्यावरची लाल रेघ सोन्याचीच असते. इतक्या बारीक कणांचं सोनं पिवळं नाही, लाल दिसतं. हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणारी प्रतिपिंडं त्या कणांना जोडलेली असतात. कण जमले की रेघ उमटते. प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्टीतही बहुधा असेच कण असतात. म्हणजे सोन्याची तपासणी झालीच होती. शिवाय हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी तपासणीतही हिमोग्लोबिन एस, म्हणजे सिकलसेलचं हिमोग्लोबिन, ३७ टक्के आलं होतं. वाहकाचं साधारण ३५ ते ४० असतं. त्रास नाही म्हणून रिपोर्ट खोटा ठरत नाही. एएस म्हणजे आजार नव्हे. एक जनुक बदललेलं, दुसरं चांगलं. तिला औषध नको, पथ्य नको.

माझं लक्ष मात्र दुसऱ्याच कागदावर गेलं. होणाऱ्या जावयाच्या रिपोर्टवर फक्त 'सोल्युबिलिटी : निगेटिव्ह' होतं, आणि दोन्ही घरं तेवढ्यावर निर्धास्त होती. ही तपासणी फक्त एस आहे की नाही ते सांगते. थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा वाहक तिच्यातून सहज निसटतो. आपल्याकडे मुलीच्या रिपोर्टवर चार बैठका होतात आणि मुलाचा कागद कुणी उलटून बघत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

मुलाची एचपीएलसी केली. हिमोग्लोबिन ए-टू ५.३ टक्के आलं. ते ३.५ च्या वर गेलं की थॅलेसेमिया वाहकाचा विचार करावाच लागतो. लाल पेशीही आकाराने लहान होत्या. तो बीटा थॅलेसेमियाचा वाहक निघाला. अशा जोडप्याला दर गर्भारपणात चारांत एक शक्यता सिकल-थॅलेसेमियाच्या बाळाची असते, आणि तो आजार एसएससारखाच, म्हणजे दोन्ही जनुकं बदललेल्या सिकलसेलसारखाच, तीव्र असू शकतो.

आई घाबरल्या, "आता सोयरीक मोडते का?" मोडा किंवा करा, हे मी सांगत नाही. दोघांना वेगळं बसवून सगळं समजावलं. लग्नाआधी दोघांची जनुकतपासणी करून ठेवायची, म्हणजे दिवस राहिल्यावर दहा ते बारा आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन बाळाचं निदान करता येतं. त्यांनी लग्न करायचं ठरवलं. आठवडाभरात दोघांचेही नमुने गेले. मुलाचा धाकटा भाऊही वाहक असू शकतो. त्यालाही मी एचपीएलसीसाठी बोलावलं आहे.